नोकरीविषयक जाहिराती

रिकाम्या जागेची माहिती मालकाकडून काम शोधणाऱ्या अपरिचित व्यक्तींपर्यंत पोहोचविणारे जाहीर निवेदन म्हणजे नोकरीविषयक जाहिरात होय. वृत्तपत्रांतील छोट्या अथवा वर्गीकृत जाहिरातींचा हा एक जुना व दीर्घकाळ किफायतशीर ठरलेला वर्ग असून विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो उत्तरोत्तर इंटरनेटकडे सरकत गेला. तेथे त्याचे दोन प्रकार झाले. केवळ नोकऱ्यांचाच व्यवहार करणारी व त्यासाठी मालकाकडून शुल्क घेणारी भरती-संकेतस्थळे हा पहिला प्रकार. जुन्या वस्तू, भाड्याची घरे, वाहने इत्यादींच्या जोडीने नोकरीची जाहिरातही फुकट लावू देणारी सर्वसाधारण संकेतस्थळे हा दुसरा. फुकट जाहिरात मिळू लागल्यावर विकतची जाहिरात कोणी घेणार नाही, असे अनुमान २००० नंतरच्या दशकात अनेकांनी बांधले होते. अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरे ठरले. भरती-संकेतस्थळांच्या बाबतीत मात्र तितकेसे ठरले नाही. जाहिरातीच्या किमतीकडून कोणते कार्य होत होते, हे पाहिल्याखेरीज या फरकाचा उलगडा होत नाही.

पूर्वेतिहास : सशुल्क व विनामूल्य यांतील हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केलेला नाही. फ्रान्समध्ये तेओफ्रास्त रनोदो या वैद्याने १६३० च्या सुमारास पॅरिस येथे एक नोंदणी-कचेरी उघडली. काम हवे असणारे व माणूस हवा असणारे अशा दोघांच्याही गरजा तेथील वहीत नोंदविल्या जात. नोंदीसाठी तीन सू एवढे अल्प शुल्क असे. गरिबांना मात्र ते माफ होते. याच रनोदोने १६३१ मध्ये गाझेत हे वृत्तपत्र सुरू केले. नोंदवही व वृत्तपत्र यांचा हा शेजार पुढील साडेतीनशे वर्षे टिकला.

हिंदुस्थानात छोट्या जाहिरातींची प्रथा प्रथम इंग्रजी वृत्तपत्रांतून रूढ झाली. सकाळ (१९३२), लोकसत्ता (१९४८), महाराष्ट्र टाइम्स (१९६२) यांसारख्या मराठी दैनिकांच्या काळात तिला स्वतःची एक भाषाच प्राप्त झाली. ‘पाहिजेत’ किंवा ‘नेमणे आहे’ या शीर्षकाखाली ‘अनुभवी’, ‘होतकरू’, ‘समक्ष भेटावे’, ‘सर्व तपशिलासह लिहा’ अशा ठराविक शब्दांत मजकूर बसविला जाई. आकारणी शब्दांवर वा ओळींवर होत असल्यामुळे प्रत्येक शब्द तोलून घातला जात असे. मालकाला नाव गुप्त ठेवायचे असल्यास तो वृत्तपत्राकडून बॉक्स क्रमांक घेई. उमेदवार त्या क्रमांकावर अर्ज पाठवीत आणि वृत्तपत्राची कचेरी ते अर्ज मालकाच्या हवाली करी. या व्यवस्थेत मालक उमेदवारांना अज्ञात राहिला, तरी वृत्तपत्राच्या दप्तरी त्याचे नाव, पत्ता आणि पैसे भरल्याची पावती असे. ही बाब वरवर किरकोळ दिसते. पण पुढे फुकट जाहिरातींच्या काळात नेमकी तीच नाहीशी झाली.

उमेदवाराच्या दृष्टीने वृत्तपत्रीय जाहिरात जवळजवळ फुकट होती. अंक विकत घेण्याचीही गरज नसे, कारण सार्वजनिक वाचनालयांत तो वाचावयास मिळे. (नोकरीच्या जाहिरातींचे पान कोणीतरी कात्रीने कापून नेल्याची तक्रार वाचनालयांच्या चालकांना नित्याची होती.) खर्च मालकाचा, आणि म्हणूनच प्रवेश मर्यादित. किराणा दुकानदार, लहान कारखानदार किंवा ट्रकमालक मुंबईच्या दैनिकात जाहिरात देण्याच्या भानगडीत पडत नसे. त्याच्याकडील जागा नातेवाईक, गावकरी अथवा आधीच कामावर असलेला माणूस यांच्या शब्दावर भरल्या जात. ही रीत केवळ भारतीय नव्हे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने मॅसॅचूसेट्समधील न्यूटन या गावी केलेल्या व १९७४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या पाहणीत व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय कामे करणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक जणांना नोकरी व्यक्तिगत ओळखीतून मिळाल्याचे आढळले होते.

सार्वजनिक विनामूल्य सेवा : नोकरीची माहिती ही विकावयाची वस्तू नसून शासनाने पुरवावयाची सेवा आहे, असा विचार पहिल्या महायुद्धानंतर बळावला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९१९ मध्येच विनामूल्य सार्वजनिक सेवायोजन-कचेऱ्या स्थापण्याविषयीचा संकेत संमत केला. भारतात १९४५ मध्ये, युद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी, अशा कचेऱ्या सुरू झाल्या. १९४८ मध्ये त्या सर्वांना खुल्या करण्यात आल्या आणि १९५६ मध्ये त्यांचे दैनंदिन प्रशासन राज्यांकडे आले. सेवायोजन कार्यालये (रिक्त पदे सक्तीने अधिसूचित करणे) अधिनियम, १९५९ याने सरकारी आस्थापनांना आणि २५ वा अधिक माणसे कामावर असलेल्या खाजगी आस्थापनांना आपल्याकडील रिक्त जागा या कार्यालयांना कळविणे बंधनकारक केले. तथापि कळविल्यावर त्या जागा त्याच कार्यालयामार्फत भराव्यात, असे बंधन अधिनियमात नव्हते. अकुशल कचेरीकाम, शेतीकाम, घरकाम आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची कामे यांना तर तो लागूच नव्हता. परिणामी ज्यांना माहितीची निकड सर्वाधिक, त्यांच्या कामांची माहिती या कार्यालयांत येतच नसे. या अधिनियमातील तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हीत समाविष्ट करण्यात आल्या. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली.

केंद्र शासनाचे रोजगार समाचार हे साप्ताहिक १९७६ मध्ये निघाले. सरकारी जागांच्या बाबतीत जाहिरात हा केवळ सोयीचा भाग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मलकापट्टणम् येथील अबकारी अधीक्षकाच्या प्रकरणात स्पष्ट केले. सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागविण्याबरोबरच मोठ्या खपाच्या वृत्तपत्रांतून, तसेच आकाशवाणी, दूरदर्शन इ. माध्यमांतून जागा जाहीर कराव्यात व जे अर्ज करतील त्या सर्वांचा विचार व्हावा, असे न्यायालयाने म्हटले. ज्याला जागा रिकामी असल्याचे कळलेच नाही, त्याला समान संधी मिळाली असे म्हणता येणार नाही, हे या निर्णयाचे मर्म होय. खाजगी मालकावर असे बंधन नसते.

भरती-संकेतस्थळे : अमेरिकेत जेफ टेलर याने १९९४ मध्ये मॉन्स्टर बोर्ड सुरू केले. भारतात संजीव बिखचंदानी यांच्या इन्फो एज या कंपनीने १९९७ मध्ये नोकरी.कॉम सुरू केले. एका मोठ्या कंपनीत काम करीत असताना सहकारी नोकरी बदलण्याचा विचार नसतानाही नियतकालिकातील नोकरीच्या जाहिराती आवडीने वाचतात, हे बिखचंदानींच्या ध्यानात आले होते. संकेतस्थळाचा आरंभीचा साठा म्हणजे वृत्तपत्रांतून वेचून संगणकावर चढविलेल्या सु. १,००० जाहिराती होत्या. आज सशुल्क भरती-संकेतस्थळांचे प्रमुख उदाहरण म्हणून गणले जाणारे हे संकेतस्थळ इतरत्र प्रसिद्ध झालेल्या जाहिराती फुकट दाखवून सुरू झाले, हा तपशील मोठा मौजेचा आहे. टाइम्स समूहाचे टाइम्सजॉब्स २००४ मध्ये आले. मॉन्स्टरचा भारतातील व्यवसाय २०१८ मध्ये क्वेस या भारतीय कंपनीने घेतला व २०२२ मध्ये त्याचे नामांतर फाउंडइट असे झाले.

या संकेतस्थळांच्या उत्पन्नाचे स्वरूप वृत्तपत्रांच्या उत्पन्नाहून वेगळे आहे. वृत्तपत्र जागा विकते. भरती-संकेतस्थळ जागा विकतेच. पण त्याहून अधिक मोलाची गोष्ट म्हणजे उमेदवारांनी स्वतःहून भरलेल्या बायोडेटांचा साठा आणि त्यात शिक्षण, अनुभव, वेतन, गाव यांनुसार शोध घेण्याची मुभा. इन्फो एजच्या भरती-व्यवसायात या दुसऱ्या बाबीचा वाटा मोठा आहे. मालक येथे आपली जाहिरात कोणी वाचावी म्हणून पैसे देत नाही. हजारो माणसांतून दहा निवडण्याचा त्रास वाचावा म्हणून देतो.

विनामूल्य जाहिरातींचा उदय : क्रेग न्यूमार्क याने १९९५ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे मित्रांना स्थानिक कार्यक्रम कळविण्यासाठी ई-मेलची एक यादी सुरू केली. तीतूनच क्रेगलिस्ट हे संकेतस्थळ निर्माण झाले. त्यावर घरे, वस्तू, सेवा व नोकऱ्या यांच्या जाहिराती फुकट लावता येत. अमेरिकन वृत्तपत्रांचे वर्गीकृत जाहिरातींचे उत्पन्न २००० मध्ये सु. १,९६० कोटी डॉलर होते. २०१० मध्ये ते सु. ५६० कोटी डॉलरवर आले. या घसरणीला आर्थिक मंदी व अन्य संकेतस्थळेही कारणीभूत होती. सर्व दोष एकट्या क्रेगलिस्टच्या माथी मारणे योग्य नव्हे. रॉबर्ट सीमन्स व फेंग झू यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००० ते २००७ या काळात क्रेगलिस्टमुळे जाहिरातदारांचे सु. ५०० कोटी डॉलर वाचले, असा अंदाज दिला आहे. जाहिरातदारांची ही बचत म्हणजेच वृत्तपत्रांचे नुकसान होय. ज्या पैशातून नगरपालिकांच्या सभा व न्यायालये यांना वार्ताहर पाठविले जात, तोच हा पैसा होता.

नोकरी शोधणाऱ्याला यातून काय मिळाले? कोरी क्रॉफ्ट व डेव्हिन पोप यांनीही २०१४ मध्येच प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. क्रेगलिस्ट ज्या शहरांत पोहोचले तेथे वृत्तपत्रांतील नोकरीच्या व भाड्याच्या घरांच्या जाहिराती लक्षणीय प्रमाणात घटल्या. भाड्याची घरे रिकामी राहण्याचे प्रमाणही कमी झाले; परंतु बेकारीच्या प्रमाणावर कोणताही परिणाम आढळला नाही. घर व नोकरी यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा लागतो. घर पाहण्याने कळते. माणसाचे तसे नाही. त्याची योग्यता काम केल्यावर दिसते व मालकाचा स्वभाव काम स्वीकारल्यावर. जाहिरात स्वस्त झाल्याने ओळख लवकर होते, पारख लवकर होत नाही.

क्रेगलिस्टचा पुढील इतिहास तर विनामूल्यतेच्या मर्यादाच दाखवितो. सान फ्रान्सिस्कोमधील नोकरीच्या जाहिरातींना त्याने लवकरच शुल्क लावले आणि २००४ मध्ये न्यूयॉर्क व लॉस अँजेल्स येथेही प्रत्येक जाहिरातीस २५ डॉलर आकारण्यास आरंभ केला. न्यूयॉर्कमधील घरांच्या दलालांकडून २००६ पासून घेण्यात येऊ लागलेले शुल्क तर खुद्द दलालांपैकीच अनेकांनी मागितले होते. फुकट असल्यामुळे तीच ती जाहिरात दिवसातून अनेकदा लावली जाई व खरी जाहिरात तिच्याखाली गाडली जाई, हे त्याचे कारण.

किंमत ही अशा रीतीने चाळणीचे काम करते. ज्याच्याकडे खरोखर जागा रिकामी आहे त्याला थोडे पैसे देणे परवडते. ज्याला शंभर खोट्या जागा जाहीर करावयाच्या आहेत त्याला शंभरपट पैसे देणे जड जाते. किंमत शून्य झाली की चाळणी जाते. उलट दिशेनेही हेच घडते. पूर्वी अर्ज करावयाचा म्हणजे कागद, प्रमाणपत्रांच्या नकला, पाकीट व तिकीट यांचा खर्च येई. एका बोटाने अर्ज करता येऊ लागल्यावर पात्र-अपात्र असा विचार न करता अर्ज केले जातात. समजा, तळोजे येथील एखाद्या कारखान्याने भांडार-कारकुनाच्या एका जागेसाठी फुकट जाहिरात लावली व ४०० अर्ज आले. प्रत्येक अर्जास तीन मिनिटे धरली, तरी केवळ वाचनास वीस तास, म्हणजे एका कर्मचाऱ्याचे अडीच दिवस लागतात. सशुल्क संकेतस्थळाचे शुल्क पुष्कळदा या अडीच दिवसांच्या पगाराहून जास्त नसते. वृत्तपत्राने अशी निवड कधी करून दिली नव्हती. म्हणून विनामूल्य जाहिरातीपुढे त्याला टिकाव धरता आला नाही. सशुल्क संकेतस्थळे ती करून देत असल्यामुळे टिकली. अर्थात टिकणे हे अमरत्व नव्हे. मॉन्स्टर व करिअरबिल्डर ही अमेरिकेतील एकेकाळची दोन बलाढ्य संकेतस्थळे २०२४ मध्ये एकत्र आली आणि जून २०२५ मध्ये त्यांनी नादारीचा अर्ज केला. त्यांना मागे टाकणाऱ्यांत लिंक्डइन (२००३) व इंडीड (२००४) यांचा क्रम वरचा लागतो. इंडीडने इतर संकेतस्थळांवरील जाहिराती एकत्र करून फुकट दाखविल्या व ज्यांना आपली जाहिरात वरच्या बाजूस हवी त्यांच्याकडून पैसे घेतले. म्हणजे फुकट व विकत यांची एकाच पानावर सांगड घातली.

भारतात फुकट जाहिरातींची लाट किजिजी (२००५) या संकेतस्थळापासून दिसू लागली. त्याचेच २००८ मध्ये क्विकर झाले. ओएलएक्स (२००६) ही तिच्यातील दुसरी मोठी संस्था. बंगलोर येथील बाबाजॉब या संस्थेने घरकामगार, वाहनचालक, पहारेकरी यांच्या नोकऱ्या साध्या दूरध्वनीवरून उपलब्ध करून देण्याचा प्रयत्न केला. ती २०१७ मध्ये क्विकरने विकत घेतली. गूगलने २०१८ मध्ये भारतातील शोधपृष्ठावरच नोकऱ्या दाखविण्यास आरंभ केला. अपना (२०१९) यासारख्या उपयोजनांनी कारखाने, दुकाने व वाहतूक यांतील कामगारवर्गावर लक्ष केंद्रित केले. शासनाचे राष्ट्रीय सेवायोजन (नॅशनल करिअर सर्व्हिस) हे संकेतस्थळ जुलै २०१५ पासून विनामूल्य आहे, तसेच महाराष्ट्र शासनाचे महास्वयम् हेही.

पनवेल परिसरातील स्थिती : या स्थित्यंतराचे परिणाम एखाद्या ठराविक श्रमबाजारात पाहणे उद्बोधक ठरते व त्या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील पनवेल हे चांगले उदाहरण आहे. नगरपालिका १८५२ इतकी जुनी, महानगरपालिका मात्र १ ऑक्टोबर २०१६ रोजीची. मुंबई–पुणे व मुंबई–गोवा या मार्गांचा येथे फाटा. तळोजे व पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहती, कळंबोलीचा पोलाद बाजार, न्हावा-शेवा येथील १९८९ मध्ये सुरू झालेले बंदर व त्याच्या अनुषंगाने उभी राहिलेली मालाची कोठारे, रुग्णालये, महाविद्यालये आणि सिडकोने वसविलेल्या वसाहती यांमुळे येथे जवळजवळ सर्व दर्जांच्या कामांना मागणी आहे. हार्बर मार्गावरील उपनगरी गाडी १९९८ मध्ये पनवेलपर्यंत आल्यापासून मुंबईतील नोकऱ्याही याच बाजाराचा भाग बनल्या.

या बाजाराला जमिनीचा एक इतिहास आहे. नवी मुंबईसाठी १९७० पासून ठाणे व तत्कालीन कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. जमिनीच्या मोबदल्याबरोबरच प्रकल्पग्रस्तांच्या मुलांना नोकऱ्या मिळाव्यात ही मागणी तेव्हापासून आजवर प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या वेळी पुढे येते. भातशेती व मिठागरे यांवर जगणाऱ्या कुटुंबांतील पहिल्या पिढीचे कारखान्यांत वा कचेऱ्यांत कोणी ओळखीचे नव्हते. ओळखीवर भरल्या जाणाऱ्या जागा त्यांच्यापर्यंत पोहोचत नसत आणि वृत्तपत्रात जाहीर होणाऱ्या जागांसाठी लागणारे शिक्षण अनेकांपाशी नसे. जागेची माहिती कोणाला मिळते, हा प्रश्न येथे अर्थशास्त्राच्या पुस्तकातला न राहता घरोघरचा झाला, तो या कारणाने.

आज या परिसरातील नोकऱ्यांचे तीन थर सहज दिसतात. रासायनिक कारखान्यातील अभियंता, बंदर-व्यवसायातील लेखापाल किंवा रुग्णालयातील प्रशिक्षित परिचारिका यांच्यासाठी मालक सशुल्क संकेतस्थळाकडे अथवा भरती-संस्थेकडे वळतो. चुकीच्या माणसाची किंमत तेथे मोठी असते व शुल्क तिच्या मानाने नगण्य. दुसऱ्या टोकाला रोजंदारीचे काम आहे. ते सकाळी नाक्यावर ठरते. तेथे जाहिरात लागत नाही, कारण माणूस समोर उभा असतो व करार संध्याकाळी संपतो. या दोहोंच्या मधला थर मोठा असून त्यात वाहनचालक, मदतनीस, दुकानातील विक्रेते, कोठारातील माल बांधणारे, संगणकावर नोंदी करणारे, पहारेकरी व घरपोच माल पोहोचविणारे येतात. विनामूल्य जाहिरातीने खरे परिवर्तन घडविले ते या थरात. मात्र तिने येथे सशुल्क संकेतस्थळाची जागा घेतली, असे म्हणता येत नाही. या जागा पूर्वी जाहीरच होत नव्हत्या. नातलगाच्या, गावकऱ्याच्या वा जातभाईच्या शब्दावर भरली जाणारी कळंबोलीतील एखादी जागा उरणच्या वा पेणच्या अनोळखी मुलाला दिसू लागली, हा लाभ लहान नाही. तो मोजला जात नाही एवढेच.

या थरातील बरीच जाहिरात आता संकेतस्थळांवरही राहिलेली नाही. ती व्हॉट्सॲपवरील गटांतून चित्ररूपाने फिरते. तिच्यावर तारीख असतेच असे नाही. महिन्यापूर्वी भरलेली जागा पुन्हा पुन्हा फिरत राहते व उमेदवार भाडे खर्चून मुलाखतीस जाऊन परत येतो. एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, असे बंधन व्हॉट्सॲपने भारतात जुलै २०१८ मध्ये घातले. ते अफवांना आळा घालण्यासाठी होते, शिळ्या जाहिरातींवर त्याचा काही परिणाम झाल्याचे दिसत नाही. एका अर्थी हा प्रकार नवा नाही. उपनगरी गाड्यांच्या डब्यांतून ‘घरबसल्या कमवा’ अशी चिकटविलेली कागदे इंटरनेटच्या पूर्वीही होती. त्यांनाही शुल्क नव्हते आणि प्रकाशकही नव्हता.

फसवणूक व कायदा : चाळणी गेल्याचा सर्वांत मोठा भुर्दंड उमेदवाराला पडतो. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. एखाद्या परिसरात असा प्रकल्प येतो, तेव्हा त्याच्या नावाने खोट्या भरतीचा धंदा करणाऱ्यांना आयते गिऱ्हाईक मिळते. विमानतळावरील नोकरीचे आमिष दाखवून ‘नोंदणी’, ‘गणवेश’, ‘प्रशिक्षण’ वा ‘अनामत’ या नावाखाली पैसे उकळण्याचे प्रकार देशभर घडत आले असून, भरतीसाठी कोणतेही पैसे घेतले जात नाहीत, अशा सूचना भारतीय विमानतळ प्राधिकरण व विमान कंपन्या यांना वेळोवेळी प्रसिद्ध कराव्या लागल्या आहेत. मागितलेली रक्कम बहुधा मुद्दाम लहान ठेवलेली असते. पाचशे रुपये गेल्याची तक्रार करावयास एक दिवसाची मजुरी बुडवून पोलीस ठाण्यात कोण जाणार, हा हिशेब त्यामागे असतो. ज्या कुटुंबाच्या जमिनीवर प्रकल्प उभा राहिला, त्याच कुटुंबातील मुलाने त्या प्रकल्पाच्या बनावट नोकरीसाठी पैसे भरावेत, ही शक्यता या परिसरात काल्पनिक नाही. जाहिरातीचे शुल्क पूर्वी मालक भरीत असे. येथे ते बेकार भरतो, आणि जागाही नसते.

सरकारी भरतीत उमेदवाराकडून घेतले जाणारे परीक्षा-शुल्क हा वेगळा, कायदेशीर प्रकार असला, तरी खर्चाचे ओझे कोणीकडे सरकले आहे याची त्यावरून कल्पना येते. महाराष्ट्रातील २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले व शुल्क खुल्या प्रवर्गास १,००० रु., तर राखीव प्रवर्गांस ९०० रु. होते.

वृत्तपत्रावर संपादक, मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापण्याचे बंधन १८६७ च्या अधिनियमाने घातले होते. त्याची जागा आता वृत्तपत्रे व नियतकालिके नोंदणी अधिनियम, २०२३ याने घेतली आहे. वृत्तपत्रेही छोट्या जाहिरातींची सत्यता वाचकाने स्वतः पडताळावी अशी सूचना छापून आपले अंग काढून घेत व आजही घेतात, हे खरे. पण पोलिसांना बॉक्स क्रमांकामागचा पत्ता शोधता येत असे. इंटरनेटवरील संकेतस्थळ माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ प्रमाणे ‘मध्यस्थ’ समजले जाते व योग्य ती दक्षता घेतली असल्यास इतरांनी लावलेल्या मजकुराबद्दल त्याला जबाबदार धरले जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात (२०१५) या कलमाचा अर्थ लावताना, मजकूर काढून टाकण्याचे दायित्व न्यायालयाचा वा शासनाचा आदेश मिळाल्यावरच उद्भवते, असे ठरविले. विचारस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्ह असला, तरी सकाळी लागलेली व संध्याकाळी नाहीशी होणारी खोटी जाहिरात अशा आदेशाची वाट पाहत नाही.

फसवणुकीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली नोंदविला जातो. इंटरनेटद्वारा पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास ती रक्कम बँकेत गोठविता येण्याचा संभव असतो. परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थांना उत्प्रवासन अधिनियम, १९८३ खाली नोंदणी करावी लागते. देशांतर्गत नोकऱ्यांच्या बाबतीत छत्तीसगढ राज्याने २०१३ मध्ये खाजगी नियुक्ती-संस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला. खाजगी सेवायोजन-संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कोणतेही शुल्क घेऊ नये, असे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या संकेतात म्हटले आहे. भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही.